दोन तोळ्यांमागची एक ब्रास माती : गुजरीतील सराफ आणि कारागिरांना खुले पत्र

प्रति,
सराफ संघटनेचे पदाधिकारी, गुजरी परिसरातील दुकानदार आणि कारागीर बंधू-भगिनी,
कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी ठुशी घ्यायला आम्ही गुजरीत आलो होतो. दुकानदारांनी आमच्या हातात भिंग दिले, ठुशीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे दाखवली आणि ती मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दाखवली. सहा अंक-अक्षरांचा तो एचयूआयडी क्रमांक जुळला आणि शुद्धता ९१६ म्हणजे बावीस कॅरेट असल्याचे पडद्यावर उमटले. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झालेली ही व्यवस्था गिऱ्हाइकाच्या हिताची आहे, आणि ती गुजरीने चांगली अंगवळणी पाडली आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण मी सवयीने आणखी एक प्रश्न विचारला : हे सोने मुळात कुठल्या मातीतून निघाले? दुकानदार हसले आणि म्हणाले, “सर, सोनं मुंबईहून येतं. त्याच्या मागचं आम्हाला कोण सांगणार?”

त्यांचे उत्तर प्रामाणिक होते, म्हणूनच ते माझ्या मनात राहिले. मी चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि माझे वडील याच गुजरीत बागेसरीपुढे, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढे, बसून दागिने घडवत असत. दोन्हीकडचे थोडेफार ठाऊक असलेल्या माणसाने त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे, असे वाटले म्हणून हे पत्र लिहीत आहे. विषय पाऱ्याचा आहे. नेमके सांगायचे तर, जिथे लहान प्रमाणावर सोने खणले जाते त्या वस्त्यांच्या मातीत साठत जाणाऱ्या पाऱ्याचा, आणि त्या मातीशी असलेल्या आपल्या गल्लीच्या संबंधाचा.

मोठ्या खाणींत आता सोने काढण्यासाठी मुख्यतः सायनाइड वापरतात. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील हुट्टीची खाण त्या प्रकारची आहे, आणि २००१ मध्ये बंद पडलेल्या कोलारच्या खाणीभोवती ज्या राखाडी टेकड्या उभ्या आहेत, त्याही बहुतांशी सायनाइड प्रक्रियेतून उरलेल्या चुऱ्याच्या आहेत. त्या टेकड्यांचे दुखणे वेगळे आहे आणि त्यात मी आज शिरत नाही. पाऱ्याचा प्रश्न आहे तो हाताने किंवा छोट्या यंत्रांनी खणणाऱ्या माणसांच्या खाणींचा. जगात सत्तरहून अधिक देशांत एक ते दोन कोटी लोक हे काम करतात, त्यांत स्त्रिया आणि मुलेही लाखोंनी आहेत. आणि दरवर्षी नव्याने निघणाऱ्या सोन्यापैकी साधारण पाचवा हिस्सा त्यांच्या हातून येतो.

त्यांची रीत आपल्या कारागिरांना नव्याने समजावून सांगायला नको. दगड कुटायचा किंवा नदीची वाळू धुवायची, जड चुरा वेगळा करायचा, त्यात पारा ओतून मळायचे. पारा सोन्याचे बारीक कण आपल्यात ओढून घेतो. मग ते मिश्रण फडक्यात घालून पिळायचे, म्हणजे मोकळा पारा गळून जातो आणि फडक्यात एक राखाडी-चंदेरी, ओलसर गोळा उरतो. त्याच्या वजनात ढोबळ मानाने निम्मे सोने आणि निम्मा पारा असतो. तो गोळा तव्यावर किंवा फावड्याच्या पात्यावर ठेवून तापवायचा. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, सोने वितळायला १०६४ अंश लागतात. त्यामुळे पारा उडून जातो आणि सच्छिद्र पिवळा तुकडा मागे राहतो. कुठलेही महाग यंत्र लागत नाही, एकटा माणूस एका दिवसात काम उरकू शकतो आणि संध्याकाळी हातात रोकड येते. ज्याच्या घरी उद्याचे धान्य नाही त्याला याहून सोयीची रीत सापडणार नाही, म्हणून या माणसांना खलनायक ठरवण्याची मला अजिबात इच्छा नाही.

आता हिशेब मांडू. नीट धुतलेल्या चुऱ्यालाच पारा लावला, तर मिळणाऱ्या प्रत्येक ग्रॅम सोन्यामागे साधारण एक ते दीड ग्रॅम पारा हवेत, पाण्यात आणि मातीत जातो. सगळा कुटलेला दगडच पाऱ्यात घोळवला, तर हाच आकडा तीन ते पाच ग्रॅम होतो आणि कित्येकदा त्याच्याही पुढे जातो. आपण दोन तोळ्यांचा दागिना धरू. तोळा खरा ११.६६ ग्रॅमचा, पण बाजार आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो, म्हणून वीस ग्रॅम. एका ग्रॅममागे १.३ ग्रॅम पारा धरला तर वीस ग्रॅममागे २६ ग्रॅम पारा झाला. घरातल्या जुन्या काचेच्या तापमापकात जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम पारा असायचा, आणि तो फुटला की आई सगळ्यांना खोलीबाहेर काढायची. इथे एका दागिन्यामागे तसे निदान पंचवीस तापमापक फुटलेले आहेत.

मातीच्या भाषेत हा आकडा अधिक बोलका होतो. स्वच्छ मातीत पारा किलोमागे एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही सहसा कमी असतो. कॅनडाने शेतीच्या आणि राहत्या जागेच्या मातीसाठी जी मार्गदर्शक मर्यादा घातली आहे ती किलोमागे ६.६ मिलिग्रॅम आहे. २६ ग्रॅम पारा सगळाच मातीत उतरला असे समजले, तर सुमारे चार टन माती त्या मर्यादेपर्यंत खराब करायला तो पुरेसा आहे. चार टन माती म्हणजे जवळपास एक ब्रास. दगडच पाऱ्यात घोळवणाऱ्या खाणीचे सोने असेल, तर दोन-अडीच ते चार ब्रास. प्रत्यक्षात पाऱ्याचा बराच भाग आधी हवेत जातो आणि दूरवर उतरतो, म्हणून हा हिशेब कुणा एका खड्ड्याचे मोजमाप नव्हे. पण घर बांधताना ब्रासने वाळू मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना अंदाज यावा म्हणून तो केला. दोन तोळ्यांमागे एक ब्रास.

हा पारा मातीत गेल्यावर काय करतो, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ‘धातू आहे, पडून राहील’ अशी समजूत मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकली आहे. पाण्याच्या साडेतेरा पट जड असलेला मोकळा पारा थेंबाथेंबाने खाली झिरपतो आणि गाळाच्या तळाशी जाऊन बसतो. उन्हाने माती तापली की त्यातला काही भाग वाफ होऊन परत हवेत जातो. उरलेल्यातला काही हळूहळू ऑक्सिडाइज होतो आणि मातीतल्या सेंद्रिय द्रव्याला, त्यातल्या गंधकयुक्त भागाला आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतो. पीक घेऊन तो संपत नाही, सूर्यप्रकाशाने नष्ट होत नाही, जिवाणू त्याला खाऊन टाकत नाहीत. कीटकनाशकाचे निदान कालांतराने विघटन होते. पारा मूलद्रव्य आहे, त्याचे विघटन होऊन काय होणार? अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सुवर्णज्वराला १८४९ च्या सुमारास भर आला होता. त्या काळी सिएरा नेवाडाच्या ओढ्यांत सांडलेला पारा आजही तिथल्या गाळात सापडतो, आणि तिथल्या काही जलाशयांतले मासे किती खावेत याच्या सूचना सरकारला अजून द्याव्या लागतात.

सर्वांत वाईट रूपांतर घडते ते पाणी साचलेल्या मातीत. जिथे प्राणवायू पोचत नाही अशा चिखलात राहणारे काही जिवाणू, विशेषतः सल्फेटवर जगणारे, साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप आतड्यातून जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते, मेंदूत पोचते आणि गर्भवतीच्या वारेतून बाळापर्यंत जाते. जपानमधील मिनामाता गावात १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेलेला आजार याच मिथाइल पाऱ्याचा; तिथे तो कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात आणि माशांतून माणसांत गेला. पण माशांशिवायही एक वाट आहे, आणि ती आपल्या ओळखीची आहे : भातखाचर. चीनमधील क्वीचौ प्रांतात वानशान नावाचा पाऱ्याच्याच खाणींचा जुना इलाखा आहे. तिथल्या रहिवाशांच्या शरीरात मिथाइल पारा येतो तो मुख्यतः माशांतून नव्हे, तर भातातून, कारण पाणी भरलेल्या खाचरात तो तयार होतो आणि दाण्यात साठतो. फिलिपाइन्सच्या मिंडानाओ बेटावरही नाबोक नदीच्या पाण्यावर भिजणाऱ्या भातखाचरांच्या मातीत वरच्या अंगाच्या सोन्याच्या खाणींतला पारा साठत गेलेला आढळला. आजरा-चंदगडच्या खाचरांत गुडघाभर चिखलात उभे राहून रोप लावणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या चिखलाचे चित्र वेगळे काढून दाखवावे लागणार नाही. आपल्या खाचरांत असा पारा आहे असे मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की तिथली खाचरे दिसायला अशीच आहेत.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात माद्रे दे दियोस नावाचा ॲमेझॉनच्या जंगलाचा प्रांत आहे. तिथल्या बेकायदा सोनेखाणींमुळे पसरलेल्या पाऱ्यामुळे मे २०१६ मध्ये पेरू सरकारला अकरा तालुक्यांत आणीबाणी जाहीर करावी लागली. तिथल्या बाबतीत मला थक्क करणारी गोष्ट अशी की जंगल स्वतःच पाऱ्याचा सापळा बनते. गोळे तापवताना उडालेली पाऱ्याची वाफ झाडांची पाने टिपून घेतात, ती पाने गळतात, पाऊस उरलेला पारा धुऊन खाली आणतो, आणि खाणीजवळच्या उभ्या जंगलाची माती तोडलेल्या रानाच्या मातीपेक्षाही अधिक पारा साठवते. म्हणजे जिथे कुणी कुदळ मारलेली नाही ती जमीनही सुटत नाही. शिवाय त्या भागातल्या लाल, लोह आणि ॲल्युमिनियमयुक्त जुन्या मातीत निसर्गतःच पारा धरून ठेवलेला असतो. जंगल कापले, काठ खणले की तोही नदीत सुटतो. राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यावरची जांभ्याची लाल माती आणि बॉक्साइटच्या खाणी आपण पाहिल्या आहेत. त्या लाल मातीची जातकुळी याच प्रकारची; वरचे आच्छादन निघाल्यावर ती पहिल्याच पावसात ओढ्याला कशी लागते, हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा.

आता तुमच्या धंद्याशी थेट संबंध येतो तो भाग. खाणकामगार जो पिवळा सच्छिद्र तुकडा विकायला आणतो, त्यात थोडा पारा शिल्लकच असतो. खाणीच्या गावातला सोने घेणारा दुकानदार तो तुकडा पुन्हा तापवतो, कारण त्याला शुद्ध वजन हवे असते. ही दुकाने भर बाजारपेठेत असतात, शेजारी वडापावची गाडी असावी तशी खाण्याची दुकाने, मागे घरे, समोर शाळा. त्यामुळे अशा गावांत हवेतला आणि धुळीतला पारा अनेकदा खाणीच्या तोंडापेक्षा सोनेखरेदीच्या दुकानाभोवती जास्त भरतो. खाणीत न उतरलेली मुले रस्त्यावरच्या मातीत खेळतात आणि तीच माती हातातोंडाला लागते. म्हणजे साखळीत मातीला डाग लावणारा शेवटचा माणूस कुदळवाला नव्हे; तो तुमच्यासारखाच तराजू समोर ठेवून बसलेला एक सराफ आहे.

हे वाचून कुणाला राग येण्याआधी मी माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी पहाटे गल्लीत एक झारेकरी येत असत. मऊ झाडूने ते प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यापुढची धूळ ओढून घेत, गटाराचा गाळ घमेल्यात भरत आणि नदीवर नेऊन धूत. कधीमधी वडील दुकानातला झारा, म्हणजे सोन्याचे कण मिसळलेला केर, त्यांना विकत आणि पुढचे काम आमच्याच मागच्या अंगणात चाले. लाकडी परातीत पाणी गोल फिरत राही, माती काठावरून निघून जाई आणि तळाशी काळसर रेघ उरे. मग छोट्या बाटलीतून पाऱ्याचा थेंब पडे. तो थेंब त्या काळ्या रेघेवरून घरंगळत फिरे आणि प्रत्येक फेरीगणिक जरा आळशी, जरा जाड होत जाई. शेवटी धोतराच्या तुकड्यात पिळून चिंचोक्याएवढा गोळा निघे आणि तो पत्र्याच्या झाकणावर ठेवून शेगडीवर तापवला जाई. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो. आम्ही मुले गोळा पिवळा होताना बघण्यासाठी अगदी तोंड जवळ नेऊन बसत असू, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर आईचे तुळशीवृंदावन होते. तळहातावर पारा घेऊन नाचवला तर वडील ओरडत, कारण पोटात गेला तर मरशील, ही त्यांची भीती. खरे तर गिळलेला मोकळा पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही. श्वासातून गेलेल्या वाफेपैकी मात्र सुमारे ऐंशी टक्के शरीरात राहते. आम्हाला ज्याची भीती घातली होती ते निरुपद्रवी होते आणि ज्याकडे आम्ही कौतुकाने पाहत होतो तेच विष होते.

वडिलांचा हात साठीच्या आतच थरथरू लागला. रवा लावताना चिमटा हलायचा आणि त्यांनी काम सोडले. ते पाऱ्यामुळेच झाले असे मी सिद्ध करू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. हात कापण्याची कारणे अनेक असतात. पण पाऱ्याच्या वाफेत दीर्घकाळ वावरलेल्या माणसाची पहिली खूण हातांचा कंप हीच असते, त्यासोबत चिडचिड, विसराळूपणा, हिरड्या सुजणे आणि मूत्रपिंडाचे दुखणे येते, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वी नोंदवले आहे. ज्याची रोजीरोटीच स्थिर हातावर आहे त्याच्यासाठी हा आजार किती क्रूर आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आजही झाऱ्याचे काम पूर्णपणे थांबलेले नाही. दुकानांत संगणक आले, वातानुकूलन आले, लेसर आले. पण कचऱ्यातले सोने सोडायला कुणी तयार नसते आणि नसावेही. जिथे ते काम बंद खोलीत, उघड्या शेगडीवर, पारा आणि नायट्रिकच्या आधाराने होते, तिथली जमीन, भिंत, अंगण आणि गटार हे सगळे लहान प्रमाणावर तेच भोगते जे माद्रे दे दियोसचे गाव मोठ्या प्रमाणावर भोगते. शहराचे सांडपाणी शेवटी पंचगंगेच्या दिशेने जाते, आणि २०१९ व २०२१ च्या पुरांनी नाल्यांचा गाळ कुठवर नेऊन पसरवला हे आपण घराच्या भिंतींवरच्या रेघांवरून अजून मोजू शकतो. त्या गाळात पारा आहे की नाही हे कळायचे, तर आधी कुणी तरी मोजायला हवे.

आणि मोजणे हाच खरा अडसर आहे. आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला मृद आरोग्य पत्रिका ठाऊक आहे; २०१५ पासूनच्या त्या योजनेत बारा गोष्टी तपासल्या जातात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. पारा त्यात नाही, आणि पिकाच्या खतासाठी बनवलेल्या पत्रिकेत तो नसणे स्वाभाविकही आहे. पाऱ्यासाठी नमुना वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. माती ओव्हनमध्ये तापवून वाळवली की मोजायचा तो पाराच उडून जातो, म्हणून ती सावलीत किंवा गोठवून वाळवावी लागते, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावी लागते आणि ‘कोल्ड व्हेपर’ पद्धतीच्या उपकरणावर तपासावी लागते. हे काम घरगुती नाही, पण दुर्लभही नाही.

मोजायला उशीर केला तर काय होते याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. कोडाईकनाल येथे एका बहुराष्ट्रीय कंपनीचा तापमापकांचा कारखाना होता. पाऱ्याने माखलेल्या फुटक्या काचा गावातल्या भंगारवाल्याकडे सापडल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांच्या बाबतीत समझोता झाला, पण साफ केल्यानंतर मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहू द्यावा की त्याहून कमी, हा वाद वर्षानुवर्षे चालत राहिला. माती खराब करायला अठरा वर्षे लागली; ती साफ कशी करायची यावर बोलण्यातच तितकी वर्षे गेली.

कायद्याचे म्हणाल, तर पाऱ्याविषयीचा मिनामाता करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने त्यावर ३० सप्टेंबर २०१४ रोजी सही केली आणि १८ जून २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. लहान सोनेखाणींसाठी त्यात वेगळे कलम आहे. सगळा दगड पाऱ्यात घोळवणे, पाऱ्याचा गोळा उघड्यावर जाळणे आणि राहत्या वस्तीत जाळणे या रीती बंद करण्यासाठी पावले उचलावीत, असे तिथे सांगितले आहे. ‘राहत्या वस्तीत’ हे शब्द वाचताना मला आमचे मागचे अंगण आठवले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे माणसाच्या हातून हवेत जाणारा पारा वर्षाला सुमारे २,२०० टन होता, आणि त्यातला ३८ टक्के एकट्या लहान सोनेखाणींचा होता; कोळसा जाळण्याचा क्रमांक त्याच्या मागे लागतो.

‘आमचे बहुतेक काम मोडीच्या सोन्यावर चालते, खाणीशी आमचा संबंध कुठे?’ असे तुमच्यातले काही जण म्हणतील. यात तथ्य आहे, आणि मोडीचे सोने वापरणे ही या प्रश्नावरची चांगलीच वाट आहे. पण देशात दरवर्षी सातशे-आठशे टनांच्या घरात सोने बाहेरून येते आणि त्यात खाणीतून आलेले अर्धवट शुद्ध सोनेही असते. पेरू, घाना, बोलिव्हिया हे देश त्या पुरवठादारांत आहेत. शिवाय कागदावर ‘जुने सोने’ असा शिक्का बसला की खाणीचा माग पुसला जातो, हा धोका जगभरच्या सोने-व्यापाराने कबूल केलेला आहे. सोने वितळले की त्याची आठवण वितळते. म्हणून आठवण कागदावरच धरून ठेवावी लागते.

तेव्हा माझी विनंती अशी. एकेका दुकानदाराने घाऊक पुरवठादाराला प्रश्न विचारला, तर मला मिळाले तसे हसूच त्याच्या वाट्याला येईल. संघटनेने एका पत्राने विचारले, तर उत्तर द्यावेच लागेल. लगड कुठल्या शुद्धीकरण कारखान्यातून आली, त्या कारखान्याने कच्चे सोने कुठल्या देशातून आणि कशा प्रकारच्या खाणीतून घेतले, आणि त्याची तपासणी कोणी केली, इतके तीन प्रश्न त्या पत्रात असावेत. उत्तर आले तर दुकानात लावावे. न आले तर तेही गिऱ्हाइकाला सांगावे. पाऱ्याशिवाय काढलेल्या सोन्याला वेगळे प्रमाणपत्र देणाऱ्या ‘फेअरमाइंड’सारख्या व्यवस्था जगात आहेत, ते सोने आज महाग आणि थोडे आहे, पण कोल्हापुरी साज घडवणाऱ्या शहराने वर्षाला निदान एक छोटी लगड तशी मागवून बघावी, असे मला मनापासून वाटते.

झाऱ्याच्या बाबतीत तर कुणाची वाट पाहायचीच गरज नाही. झारेकऱ्याला हाकलून देऊ नका. त्याचे ज्ञान तुमच्या-माझ्यापेक्षा जुने आहे आणि त्याच्या पोटाची सोय कुणी करणार नाही. संघटनेने गावाबाहेर एका जागेवर सामाईक बंद भट्टी उभी करावी, आणि झारा तिथेच जावा. पारा तापवण्याचे साधे रिटॉर्ट म्हणजे झाकण घट्ट बसणारे लोखंडी भांडे, वरून वाकवलेली नळी आणि तिला थंड करणारे पाणी. उडालेल्या पाऱ्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक त्यात परत मिळतो, म्हणजे खर्चही वाचतो. त्याच्याही पुढची गोष्ट अशी की फिलिपाइन्सच्या बेंगेट भागातले लहान खाणकामगार गेली कित्येक दशके पाऱ्याला हात न लावता सोने काढतात. नीट धुतलेल्या जड चुऱ्यात ते सवागी, म्हणजे टाकणखार (बोरॅक्स), मिसळतात आणि वितळवतात, म्हणजे सोने तळाशी जमते. सवागी! आपल्या प्रत्येक कारागिराच्या उजव्या हाताशी, डाक देताना (सांधा जोडताना) बोटाने चिमूटभर उचलायच्या त्याच वाटीतली. जगातल्या खाणकामगारांना शिकवण्याजोगे तंत्र ज्यांच्या बागेसरीजवळ पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे, त्यांनी झाऱ्यासाठी पारा वापरत राहावे, हे मला पटत नाही.

तिसरे काम मोजण्याचे. ज्या ज्या जागी झाऱ्याचे काम झाले किंवा होते त्या जागांच्या यादीसह संघटनेने शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला लेखी विनंती करावी : वरच्या पंधरा सेंटीमीटर मातीचे आणि गटाराच्या गाळाचे नमुने घ्या, त्याच वेळी गावाबाहेरच्या एखाद्या स्वच्छ जागेचाही नमुना घ्या, म्हणजे तुलना होईल. यादी देण्यात तुम्हाला संकोच वाटेल, हे मी समजू शकतो. म्हणून पहिल्या जागेचे नाव मीच देतो : मंगळवार पेठेतले आमचे जुने घर, मागचे अंगण, तुळशीवृंदावनाच्या दक्षिणेला हातभर अंतरावर. तिथे आता फरशी आहे. ती उचलायला घरच्यांची संमती मी घेतलेली आहे.

संघटनेच्या पुढच्या मासिक सभेत अर्धा तास मिळाला, तर मी एक छोटे रिटॉर्ट घेऊन येईन. पारा आणणार नाही; पाणी तापवून नळीतून ते परत कसे गोळा होते, एवढे दाखवायला ते पुरेसे आहे. सभेचा दिवस कळवावा.

आपला,
गुजरीतील एका कारागिराचा मुलगा आणि निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
कोल्हापूर